भावकी आल्प्सला निघते

संयोगिता निकम या बाईला सहल या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. पानात केस निघावा तसं तिचं तोंड व्हायचं नुसता शब्द ऐकून. गावातल्या बायका म्हणायच्या, काय बाई आहे, हिला हौस म्हणून नाही. नवरा हौशी, ऊस आहे, द्राक्षबाग आहे, दारात गाडी आहे, आणि ही आपली कुठं जायचं म्हटलं की नाक मुरडून आत जाते. आता हौस नव्हती असं कोण म्हणतं? चांगली ढीगभर हौस होती. दर सहलीत भाकरी थापून थापून तिचा जीव गेला, एवढंच.

तिचं माहेर वडूजचं. वडील फौजेत. बेळगावच्या क्वार्टरमध्ये ती वाढली. वर्षातनं एकदा वडील चौघांना घेऊन कुठंतरी जायचे. एक ट्रंक, एक वळकटी, बस्स. आईनं डबा भरायला घेतला की वडील तो काढून ठेवायला लावायचे. म्हणायचे, "छुट्टी म्हंजे छुट्टी. आमच्यात लांगऱ्यालाबी छुट्टी असती." लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. तर सहल म्हणजे आईनंसुद्धा खुर्चीत बसून खायचं, अशी या पोरीची समजूत झाली, आणि ती समजूत घेऊन ती पलूसजवळच्या या गावात नांदायला आली. फसली बिचारी.

नवरा वीरधवल. हमरस्त्याला ठिबक सिंचनाचं दुकान, गालभर मिशा, स्वभावानं सोनं. पण नाही म्हणायची ताकद देवानं त्याला दिलीच नव्हती. लग्नानंतर दोघांनी महाबळेश्वरला जायचं ठरलं. दोघांनी हं. पहाटे बाहेर येऊन बघते तर दारात ट्रॅक्स उभी आणि ट्रॅक्समध्ये बारा माणसं. चुलतसासूसुद्धा! मांडीवर स्टोव्ह घेऊन बसलेली. हिरवा चुडा भरलेल्या हातांनी संयोगितेनं वेण्णा तलावाच्या काठावर गाड्यांच्या धुरात बारा कप चहा केला. नवरा भावकीबरोबर होडीत बसला आणि ही चपला राखत बसली.

ह्या मुलखाची रीतच अशी. एकट्यानं कुठं जायचं नाही. पोरगी बघायला निघाले तरी दोन गाड्या भरतात. बाळंतिणीला भेटायला गेले तर दवाखान्याचा जिना पुरत नाही. कुणी नवराबायको दोघंच कुठं गेली, तर परत आल्यावर लोक हळूच विचारतात, "का रं, भावकीशी काय वाकडं झालं का?"

मग गणपतीपुळे झालं, गोवा झालं, मनाली झालं. मनालीला तर बसच्या डिकीत गॅसची टाकी होती. सगळे घोड्यावर बसून बर्फ बघायला वर गेले. संयोगिता हॉटेलच्या मागच्या मोरीजवळ कणीक मळत राहिली, कारण वर गेलेले खाली येणार ते भुकेलेलेच येणार. बर्फ तिनं बघितला तो रात्री जेवताना, नानासोच्या मोबाईलवर. नानासो म्हणजे वीरधवलचा चुलतभाऊ, वीरधवलपेक्षा दोन वर्षांनी धाकटा आणि आवाजानं दसपट थोरला. बर्फात उघडा झोपलेला त्याचा फोटो होता. पांढऱ्याशुभ्र बर्फावर ते पोट बघून तिची जेवणावरची वासना गेली.

एवढं झाल्यावर कोण म्हणेल सहल?

पण मुलगी म्हणाली. पूजा, एकुलती एक, म्युनिकला नोकरीला. जानेवारीत तिचा व्हिडिओ कॉल आला. "आई, जूनमध्ये तू आणि बाबा या. इथून थोड्या अंतरावर आल्प्समध्ये एक गाव आहे. गाडी वर जातच नाही, रोपवेनं जायचं. एका म्हातारीचं घर आहे, तीनच खोल्या भाड्यानं देते. मी तुम्हाला सोडून येते, चार दिवस राहा, मी न्यायला येते."

फोटो पाठवले तिनं. लाकडी सज्जा, कठड्यावर लाल फुलं, पुढं डोंगर, डोंगरावर अजून न वितळलेला बर्फ. संयोगितेनं डोंगराकडे बघितलंच नाही. सज्ज्यातल्या टेबलावर एक ताट होतं. पाव, लोणी, उकडलेलं अंडं, दुधाची चिनी मातीची किटली, घडी घातलेला रुमाल. ते सगळं दुसऱ्या कुणीतरी मांडलेलं होतं. त्या ताटाकडे ती किती वेळ बघत बसली. चार दिवस. "वैनी, चहा टाका की," असं म्हणणारं कुणी नाही असे चार दिवस. या वयात देवाकडे मागायला तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

नवऱ्याला ती म्हणाली, "आवं, जाऊ. पर माझी एक अट हाय. कुठं बोलू नगा."

"छे छे. तुझी शपथ," वीरधवल म्हणाला. आणि खरंच बोलला नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला पाहिजे. पण व्हिसाला फोटो लागतो. गावात फोटो काढणारा एकच, जयराज, तोही भावकीतलाच. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पलूसला गेला असता, सांगलीला गेला असता. हा गेला जयराजकडे! का, तर भावकीतलं दुकान सोडून दुसरीकडे गेलं तर त्याला वाईट वाटेल. जयराजनं कॅमेरा लावला आणि विचारलं, "दादा, कोणत्या साईझचा?" वीरधवलनं साईझ सांगितला. झालं. जयराज लग्नाचे फोटो काढतो, फ्लेक्स छापतो, पासपोर्टचे फोटो काढतो, त्याला देशादेशांचे साईझ तोंडपाठ. "दादा, हा तर युरोपचा साईझ!" म्हणून तो असा ओरडला की दुकानातली बाकी गिऱ्हाइकं तोंडात बोट घालून बघत राहिली.

दिवेलागणीला नानासो सोप्यावर हजर. "वीरू, आमाला टाकून जातूस व्हय रं? आमी काय मेलो का?"

आणि वीरधवल म्हणाला, "चला की मग तुमीबी."

आत फोडणीत हिंग टाकत असलेल्या संयोगितेचा हात तसाच राहिला. मोहरी जळून कोळसा झाली. सगळ्या अंगाचा तिळपापड झाला तिच्या, पण चारचौघांत नवऱ्याला काय बोलणार?

तिथनं पुढं महिनाभर रोज संध्याकाळी तिच्या सोप्यावर आल्प्सची बैठक बसायला लागली. वीरधवल धरून सहा गडी. नानासो, जयराज, हायस्कुलात खेळ शिकवणारे तानाजी सर आणि भावकीतले आणखी दोघं. काय ती बैठक आणि काय ती तऱ्हा! एकजण तंबाखू मळून मोरीच्या तोंडाशी पचकन थुंकायचा, मोरी राहिली बाजूला, पिंक तिच्या मोगऱ्यावर. दुसरा पाय खुर्चीवर घेऊन टाचेच्या भेगा सोलायचा आणि त्याच हातानं चिवड्याच्या ताटलीत बोटं घालायचा. नानासो बशीत चहा ओतून असा फुर्रकन ओढायचा की आत घास घेतलेली संयोगिता घास खाली ठेवायची. मिशीला लागलेला चहा पुसायला तिनं विणलेला टेबलक्लॉथ होताच.

आणि विषय तरी काय? डोंगर नाही, गाव नाही. एक अख्खी संध्याकाळ तिकडच्या संडासात पाणी असतं का कागद, यावर गेली. "आपल्याला कागूद न्हाई जमायचा," नानासोनं निर्वाळा दिला. मग प्रत्येकानं आपापला प्लॅस्टिकचा मग न्यायचा ठरलं. मगाचे रंग वेगवेगळे असावेत, म्हणजे अदलाबदल व्हायला नको, असं तानाजी सरांनी सुचवलं, आणि ते सगळ्यांना फार पटलं. हे चाललं होतं तिचे पोहे खात खात.

एकदा तिनं विचारलं, "भावजी, तुमच्या मंडळी न्हाईत का येणार?"

"त्यास्नी कुठली सवड वैनी? जनावरं कुणी बघायची?" नानासो म्हणाला. "तुमी हायसा की. एक बाईमाणूस बास झालं."

कशाला बास झालं, हे तिनं तेव्हा विचारायला हवं होतं. पण रात्री वीरधवलनं तिची समजूत काढली. "अगं, ती समदी खाली शहरात उतरणार. वरच्या गावात म्हातारीच्या घरात आपण दोघंच. फकस्त इमानात काय ती संगत." ते तिनं खरं मानलं आणि त्या चार दिवसांवर नजर ठेवून महिनाभर चहा करत राहिली.

एप्रिलात चौकात फ्लेक्स लागला. व्हिसा नाही, तिकीट नाही, पण फ्लेक्स लागला. आमच्याकडे कामाची सुरुवात तिथनंच होते. डेअरीला दूध घालायला गेलेल्या संयोगितेनं मान वर केली तर पिंपळाच्या उंचीचा बोर्ड. मागं बर्फाचा डोंगर, वर गरुड, पुढं डोळ्यांवर काळे चष्मे लावलेले सहा गडी हातांच्या घड्या घालून उभे. 'युरोप अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.' अभ्यास! कसला, मगांचा? खालच्या कोपऱ्यात सुपारीएवढ्या गोलात तिचा स्वतःचा चेहरा होता, कुणाच्या तरी लग्नात घास तोंडात असताना टिपलेला. नाव नाही. नुसतं 'वहिनीसाहेब'. एक शेळी फ्लेक्सच्या खांबाला पाठ घाशीत उभी होती. दुपारी उंब्रजच्या नणंदेचा फोन आला, "वैनी, मोबाईलवर फ्लेक्स बघितला गं, लय झ्याक!" त्या दिवशी संयोगितेला खरोखर मळमळलं. लिंबूपाणी पिऊन ती अंधाऱ्या खोलीत पडून राहिली.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला सगळ्यांनी पुण्याला जायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं सत्कार ठेवला. कशाचा सत्कार, तर ठसे द्यायला निघाल्याचा! मांडव, स्पीकर, पाण्याचे जार, सगळा थाट. स्टेजवर सहा गडी, गळ्यात हार, डोक्यावर टोप्या, खांद्यावर टॉवेल, मांडीवर नारळ. उकाड्यात घामानं हारांचा वास आंबूस झालेला. संयोगिता बायकांच्या रांगेत शेवटी बसली होती आणि हे सगळं संपलं की जून, जूनमध्ये ते चार दिवस, असं मनाशी म्हणत होती.

तानाजी सर माईकवर उभे राहिले. नियोजन सांगायला लागले. सांगता सांगता म्हणाले, "आधी डोंगरावरच्या एका घरी फक्त दोघांची सोय होती. पण वीरूदादांचं मन मोठं. त्यांनी स्वतः मुलीला फोन करून ती खोली रद्द केली, आणि खाली शहरात स्वयंपाकघरासकट मोठं घर घेतलं. कारण मंडळी, तिकडचं ते पाव आणि उकडलेलं आपल्या पोटाला मानवायचं नाही. आपल्याला लागते भाकरी! आणि आपल्या वहिनीसाहेबांच्या हातची भाकरी आता साता समुद्रापार जाणार आहे!"

टाळ्या कडाडल्या. शेजारच्या बाईनं संयोगितेला कौतुकानं कोपरानं ढोसलं.

"वहिनींनी स्टेजवर यावं."

ती कशी चालत गेली तिला कळलं नाही. नानासोनं रंगीत कागदात गुंडाळलेली भेट तिच्या हातात दिली आणि कागद स्वतःच टराटरा फाडला. आत परात होती. मोठी, चकचकीत, वजनाला हलकी. आणि परातीत तवा. "इमानात वजनाचा लय काच असतुय, म्हून हलकी बघून आणली वैनी," तो अभिमानानं म्हणाला. सहाही जण टाळ्या वाजवत होते. त्यात वीरधवलही होता, हसत होता, आणि त्याच्या हसण्यात काडीचाही आडपडदा नव्हता. आपण बायकोचं काही हिसकावून घेतलं, हे त्याला माहीतच नव्हतं. तिला त्या हसण्याची शिसारी आली. बाकी पाचांची येऊन जुनी झाली होती, ही नवीन होती.

"वहिनींनी दोन शब्द बोलावेत," तानाजी सर म्हणाले.

बायकांनी अशा वेळी लाजून मान हलवायची असते. संयोगितेनं माईक घेतला.

"मी न्हाई जायाची," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण स्पीकरनं तो पार बस स्टँडपर्यंत पोचवला. "तुमच्या गळ्यात हार घालून घ्यायला मी कवा आडवी आले न्हाई. चहा केला, पोहे केले. मोगऱ्यावर थुकला, ते धुतलं. पर सातजणांच्या भाकऱ्या थापायला आमची चूल आल्प्सला न्यायाची गरज न्हाई. ही परात ज्याला थापता येती त्यानं न्यावी."

आणि परात तिनं नानासोच्या मांडीवर, नारळावरच ठेवली. 

तानाजी सर घसा खाकरून काहीतरी बोलणार, तेवढ्यात नानासो वीरधवलकडे वळला. माईक चालूच होता.

"आरं, म्हंजे? मग जेवायचं काय रं?"

मागच्या पोरांतनं पहिल्यांदा हशा फुटला, मग बायकांतनं, आणि मग काही केल्या थांबेना.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जायला गाडी दारात उभी राहिली, आणि कुणीच आलं नाही. नानासोची पाठ धरली होती. जयराजच्या लग्नाच्या ऑर्डरी अचानक वाढल्या. तानाजी सरांना शाळेनं म्हणे रजा नाकारली, उन्हाळ्याच्या सुट्टीत! उरलेल्या दोघांनी फोनच उचलला नाही. जो युरोप बघायला ही माणसं महिनाभर तिच्या सोप्यावर उड्या मारत होती, तो युरोप एका बाईच्या हाताबरोबर संपला. म्हणजे डोंगर बघायचे नव्हतेच कुणाला. नेहमीचंच जेवण जरा लांब जाऊन जेवायचं होतं.

वीरधवल आठवडाभर बोलला नाही. बोलला तो एवढंच, "चारचौघांत माझं नाक कापलंस." ती ताट वाढायची आणि बागेत निघून जायची. मग एका सकाळी तो स्वतःच तिच्यामागनं बागेत आला, वेलीचं पान चुरगळत उभा राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "त्यांनी इचारलं आन मी व्हय म्हनलं. मला न्हाई म्हणताच येत न्हाई गं. पूजाला सांग, ती जुनीच खोली बघ म्हणावं. आपण दोघंच जाऊ."

बाई विरघळली. माणूस वाईट नाही हे तिला ठाऊकच होतं. पूजानं म्हातारीला फोन केला, खोली अजून मोकळी होती. दोघं पुण्याला जाऊन ठसे देऊन आली. येताना साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलात जेवली. शेजारी टेबलावर अनोळखी माणसं होती, आणि कुणीही तिच्याकडे मीठ मागितलं नाही. वीरधवलनं तिच्या ताटात स्वतःची जिलबी घातली. मेच्या अखेरीला व्हिसे आले. सांगलीला जाऊन तिनं चालायचे बूट घेतले आणि घरात कुणी नसताना ते घालून या खोलीतनं त्या खोलीत फिरली. इतकी खूश ती लग्नाच्या मांडवातसुद्धा नव्हती.

निघायच्या आदल्या दुपारी ती बॅग भरत होती. वीरधवल खाटेच्या कडेला बसून तिच्याकडे प्रेमानं बघत होता.

"संयोगिता," तो हळूच म्हणाला, "ती म्हातारी सकाळी पावच देती म्हणं. आन रात्री कुठं हाटेलात जायाचं, तिथंबी तसलंच."

"व्हय."

"न्हाई, मी म्हनलं, ज्वारीचं पीठ थोडं घेशील का? शेगडी पूजाकडनं घेऊ, खोलीत म्हातारीला कळायचं न्हाई. लय न्हाई गं. आपल्या दोघांपुरतंच. दोन भाकऱ्या तुझ्या, दोन माझ्या. तेवढ्याला काय लागतंय तुला?"

संयोगिता घडी घालता घालता थांबली. त्या पाचजणांवर रागावता आलं होतं, त्यांनी हक्कानं मागितलं होतं. हा लाडीगोडीनं मागत होता. आता हे कुणापुढं माईकवर सांगायचं? तिनं फोन घेतला आणि पूजाला लावला.

"पूजा, म्हातारीला सांग, खोलीत एकटीच राहणार. व्हय, मी एकटीच. बाबा न्हाईत येणार. विमानतळावर तू येच, मला ते पुढचं काय कळायचं न्हाई."

वीरधवल आधी हसला. मग तिचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं.

"चेष्टा करतीस व्हय?"

"न्हाई."

"पिठावरनं? आगं, पीठ ऱ्हाऊ दे, न्हाई तर न्हाई!"

तिनं राहिलेली घडी पुरी केली. आज नाही म्हणाला होता तो, जन्मात पहिल्यांदा, पण तिथं उतरल्यावर तिसऱ्या घासाला त्याचं तोंड कसं होईल हे तिला इथं बसून दिसत होतं. आणि ते तोंड बघून आपणच शेगडी शोधायला उठू, हेही दिसत होतं. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज येऊन गेला. वीरधवल उठला, दारापर्यंत गेला, परत आला. खरोखर काळजीत पडलेल्या माणसासारखा तिच्यापुढं उभा राहिला.

"पर मग," तो म्हणाला, "हितं माझ्या जेवणाचं काय?"

संयोगितेनं त्याचे शर्ट बॅगेतनं काढून खाटेवर ठेवले आणि चेन लावली.